फीचं बोलणं आणि तळाला गेलेली फाइल

संध्याकाळी ज्युनियर निघून गेली आणि मी दुसऱ्या दिवशीच्या बोर्डाच्या, म्हणजे कोर्टात लागलेल्या प्रकरणांच्या, फाइली काढत बसले. एक फाइल सापडेना म्हणून कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उपसला, तर भलतीच फाइल हाती आली. वर निकालाची नक्कल लावलेली. दिवाणी दावा आमच्या विरुद्ध गेला होता, अपील करायचं ठरलं होतं आणि नक्कल हाती येऊन अकरा दिवस उलटले होते. मी बोटांवर दिवस मोजले, मग कॅलेंडर पुढ्यात घेऊन पुन्हा मोजले. नक्कल मिळायला लागलेला काळ वजा केला तरी मुदत संपायला चारच दिवस उरले होते. अपिलाचा एक शब्दही लिहिलेला नव्हता.

अपील मुदतीत दाखल झालं. दोन रात्री जागले, तिसऱ्या दिवशी पक्षकाराच्या सह्या घेतल्या, चौथ्या दिवशी दाखल केलं. पक्षकाराचं नुकसान झालं नाही आणि त्यांना यातलं काही कळलंही नाही. पण मला झोप लागेना. मुदत डायरीत नोंदवायची राहून गेली असती तर ती चूक मी समजू शकले असते. ती नोंदवलेली होती. मी ती दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून पान उलटलं होतं.

असं का केलं, याचं उत्तर सापडायला दोन दिवस लागले. त्या पक्षकारांकडून चौदा महिने फी आलेली नव्हती. ते साधे, वयस्कर गृहस्थ, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, कारण मी कधी मागितलंच नव्हतं. सुरुवातीला 'बघू हो, काम तर सुरू करू' असं मीच म्हणाले होते. किती, केव्हा, कशासाठी, काहीच ठरलं नव्हतं. त्यामुळे ती फाइल समोर आली की मला अवघडल्यासारखं व्हायचं आणि मी ती बाजूला सारायची. सारत सारत ती खालच्या कप्प्यात गेली होती. फीचं बोलायला मी लाजले, आणि त्याची किंमत काकांनी मोजली असती.

इथून पुढे जवळपास दीड वर्ष मी माझ्या प्रॅक्टिसची मांडणी बदलत होते. तो सगळा काळ लिहून ठेवावासा वाटतो. माझ्यासारखे बरेच जण आहेत, ज्यांना उलटतपास जमतो पण फीचं वाक्य घशात अडकतं.

ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी शिकले, त्या सरांकडे मी सहा वर्षं काढली. मसुदा कसा बांधायचा, साक्षीदाराला कुठला प्रश्न विचारायचा नाही, न्यायाधीशांनी मान हलवली की कुठे थांबायचं, हे सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. फीचं बोलणं मात्र त्यांचे जुने कारकून दाराबाहेर करायचे. आम्हा ज्युनियरांच्या कानावर त्यातलं काही पडायचं नाही. सरांचा हेतू चांगला होता, पैशांकडे बघून आम्ही काम करू नये असं त्यांना वाटायचं. स्वतंत्र चेंबर थाटलं तेव्हा माझ्याकडे कायदा होता, कारकून नव्हते. पहिली नऊ वर्षं मी अंदाजाने फी सांगितली. समोरच्याचा चेहरा पडला की कमी केली, पुढे काम वाढलं तरी तीच ठेवली.

सुरुवात मोजण्यापासून केली. एक साधी वही घेतली आणि तीन महिने दिवसभराचा वेळ सहा-सहा मिनिटांच्या हिशेबात लिहिला. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, बेरीज सोपी जाते. ही पद्धत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ करण्याचं श्रेय बॉस्टनचे वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांना दिलं जातं. खाजगी फर्ममध्ये येण्याआधी हे गृहस्थ गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेचं काम पाहत होते, हे वाचून मला बरं वाटलं. वेळ मोजायचा म्हणजे पक्षकाराला पिळायचं, असा माझा समज होता. एखादं काम करायला खरोखर काय लागतं हे आधी स्वतःला कळावं, एवढ्यासाठीही वेळ मोजता येतो.

पहिले दोन आठवडे वही भरायची सतत विसरायची आणि रात्री आठवून लिहायची. आठवून लिहिलेला वेळ खोटा असतो हे लवकरच लक्षात आलं. जे काम मनापासून केलं ते मोठं वाटायचं, फोनवर गेलेला वेळ आठवायचाच नाही. मग प्रत्येक काम संपलं की लगेच ओळ लिहायची सवय लावली. तीन महिन्यांनी बेरीज केली. मी रोज दहा तास कामात असायची, आणि ज्याची फी कुणाकडून तरी येणार होती असं काम त्यातलं जेमतेम साडेतीन तास होतं. उरलेला वेळ कोर्टात नंबर लागायची वाट बघण्यात, 'मॅडम, तारखेला काय झालं?' अशा फोनना उत्तरं देण्यात, हरवलेले कागद शोधण्यात आणि फुकट सल्ल्यात जात होता. अमेरिकन बार असोसिएशनने १९५८ साली काढलेल्या एका पुस्तिकेतला हिशेब असा होता की, जादा तास काम केलं नाही तर वकिलाला वर्षाला फी लावता येतील असे साधारण १३०० तासच मिळतात. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरले तर दिवसाला पाच तास. माझे साडेतीन तास त्यामानाने कमी होते, पण दहा तास काम म्हणजे दहा तासांची कमाई हा समज कुणाचाच खरा नसतो, हे एकदा कळलं की फी ठरवण्याचा पायाच बदलतो.

वहीने दुसरी एक गोष्ट दाखवली, जी मला पटायला जड गेली. सगळ्यात जास्त वेळ खाणारी प्रकरणं सगळ्यात मोठी नव्हती. भावाभावांच्या वाटणीचा एक लहान दावा होता. त्यातले पक्षकार आठवड्यातून चार वेळा फोन करायचे आणि तीच गोष्ट नव्याने सांगायचे. त्या एका फाइलवर जेवढा वेळ गेला, तेवढ्यात एका कंपनीचे तीन करार तपासून झाले होते. त्यांचा फोन मी टाळायला हवा होता असं मुळीच नाही. मी त्यांना तारखेनंतर काही कळवत नव्हते म्हणून ते फोन करत होते. यावर पुढे येते.

दुसरं काम थकबाकीचं. सगळ्या फाइली काढल्या आणि एका तक्त्यात लिहिलं: काय ठरलं होतं, काय आलं, काय राहिलं. 'काय ठरलं होतं' हा रकाना अर्ध्याहून जास्त फाइलींत कोरा राहिला. तिथे मी कुणाला दोष देणार? जिथे ठरलेलं होतं, तिथे पत्रं लिहिली. पहिलं पत्र मी सात वेळा खोडलं. त्या दिवसांत अब्राहम लिंकन यांच्याबद्दल वाचलेली एक गोष्ट धीर देऊन गेली. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी ते वकिली करत होते. इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला त्यांनी कराचा एक मोठा खटला जिंकून दिला, आणि कंपनीने फी द्यायला नकार दिला. १८५७ साली त्यांनी स्वतःच्या अशिलावर, म्हणजे त्या कंपनीवरच, फीचा दावा लावला आणि ५००० डॉलरचा निकाल मिळवला. पुढेही ते त्या कंपनीची कामं करत राहिले. फी मागितली की नातं तुटतं हे मी गृहीत धरलं होतं. पत्रं पाठवल्यावर दोन पक्षकार दुरावले, हेही खरं. बहुतेकांनी हप्त्याने का होईना दिली. एक बाई तर चेंबरमध्ये येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही विचारतच नव्हता, आम्हाला वाटलं शेवटी एकदम मोठा आकडा सांगाल. रोज धास्ती वाटायची." त्यांच्या धास्तीचा मी कधी विचारच केला नव्हता.

थकबाकीसाठी एक रस्ता मी पहिल्यापासून बंद ठेवला. पक्षकाराचे कागद अडवायचे नाहीत. काही देशांत वकिलाला तसा हक्क आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात, फीसाठी फाइल अडवून ठेवता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. कायदा काहीही असो, कोर्टात लढणाऱ्या माणसाचे कागद आपल्या कपाटात कोंडून ठेवणं मला जमणार नाही. फीचा वाद वेगळा, फाइल वेगळी.

सगळ्यात जास्त कष्ट फीच्या पत्रावर घेतले. पहिला मसुदा साडेचार पानांचा झाला आणि तो वाचून माझी ज्युनियर म्हणाली, "ताई, हा तर आपण दुसऱ्याच्या विरुद्ध लिहितो तसा करार आहे." खरं होतं. मी स्वतःच्या बचावासाठी कलमं घातली होती. सगळं फाडून एका पानात, साध्या भाषेत लिहायला बसले. पक्षकाराला मनात पडतात ते प्रश्न त्याच क्रमाने घेतले. मी काय करणार? दाव्यासाठी फी टप्प्याटप्प्याने लिहिली: दाखल करताना, पुरावा सुरू होताना, युक्तिवादाच्या वेळी. टप्प्यांमुळे लोकांना द्यायला सोपं जातं आणि प्रकरण मधेच मिटलं तर न झालेल्या कामाची फी मागावी लागत नाही. मी काय करणार नाही? हा परिच्छेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अपील यात नाही. निकालाची अंमलबजावणी यात नाही. मूळ दाव्यातून दुसरं प्रकरण उभं राहिलं तर ते यात नाही. बहुतेक भांडणं याच तीन ठिकाणी होतात. पक्षकाराला वाटतं 'केस' म्हणजे शेवटपर्यंत, आणि वकिलाच्या मनात केस म्हणजे एका कोर्टाचा निकाल.

खर्च वेगळा लिहिला. कोर्ट फी, टायपिंग, नकला, प्रवास यांच्या पावत्या मिळतील असं कबूल केलं. निकालाची हमी नाही, हे एका वाक्यात. फोन कधी घेईन, कधी नाही, हेही. आणि शेवटी: फी थकली तर मी आधी लेखी कळवीन, तारीख तोंडावर असताना काम सोडणार नाही, कागद परत देईन. हे शेवटचं वाक्य मी स्वतःला बांधून घेण्यासाठी घातलं.

लिंकन यांनी तरुण वकिलांसाठी काढलेल्या टिपणांत फीबद्दल एक विचार आहे. पूर्ण फी आधीच घेतली तर पुढे कामात तेवढा रस टिकणं कठीण, आणि रस गेला की कौशल्य आणि मेहनत दोन्ही जातात. म्हणून रक्कम आधी ठरवून घ्या, असं ते सांगतात. माझ्या खालच्या कप्प्याचं कारण त्यात जसंच्या तसं होतं. फी किती यापेक्षा ती ठरलेली आहे की नाही, यावर माझं लक्ष त्या फाइलवर किती राहतं हे अवलंबून होतं.

पत्र पहिल्यांदा एका नव्या पक्षकाराच्या हाती दिलं तेव्हा माझे तळहात ओले झाले होते. त्यांनी ते शांतपणे वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. दुसऱ्याने मात्र "वकीलबाई, माणसावर विश्वास नाही का?" असं विचारलं आणि उठून गेले. मी त्यांना थांबवलं नाही. रात्रभर वाटत राहिलं की चूक केली. आज वाटत नाही. ज्या माणसाला एक पान वाचून सही करायला अपमान वाटतो, त्याला पुढे प्रतिज्ञापत्रावर खरं लिहा म्हणून सांगणं किती अवघड जातं, ते नंतर दुसऱ्या प्रकरणांत पाहिलं.

नाही म्हणायला शिकणं याचाच भाग. जो माणूस तिसरा वकील बदलून आला आहे आणि आधीच्या दोघांना शिव्या देतो, त्याचं प्रकरण घेण्याआधी मी आता रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, बघते. 'मला फक्त त्याला धडा शिकवायचाय' म्हणणाऱ्याला मी खर्च आणि वर्षं दोन्ही सांगते, मग तो बहुतेक स्वतःच विचार करून येतो. आणि वकीलपत्रावर सही करण्याआधी समोरच्या बाजूची सगळी नावं जुन्या याद्यांत तपासते. एकदा असं तपासताना दिसलं की प्रतिवादीच्या पत्नीचं मृत्युपत्र मीच केलं होतं. ते काम मी त्याच दिवशी दुसऱ्या वकिलाकडे पाठवलं.

आता फोनचं. तारीख झाली की कोर्टाच्या आवारातूनच, त्याच दिवशी, पक्षकाराला दोन ओळींचा संदेश जातो: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, तोवर तुम्ही काय करायचं. काहीच झालं नसेल तर 'आज काही झालं नाही' हेही जातं. याला माझी नि ज्युनियरची मिळून दिवसाला वीस मिनिटं लागतात. एका महिन्यात फोन निम्म्यावर आले. वाटणीच्या दाव्यातले ते गृहस्थ आता महिन्यातून एकदा फोन करतात आणि तोही कामाचा असतो. आमच्या व्यवसायाबद्दल लोकांची सगळ्यात मोठी तक्रार 'वकील काही सांगत नाहीत' ही असते, हार-जितीची तक्रार त्यामानाने कमी. ही तक्रार दूर करायला ना जास्त हुशारी लागते ना पैसा. मी नऊ वर्षं ती का दूर केली नाही, याचं वाईट वाटतं.

पक्षकाराच्या खर्चाचे पैसे माझ्या पैशांत मिसळणंही थांबवलं. त्यासाठी वेगळं खातं उघडलं आणि प्रत्येक फाइलीचं एक पान केलं. यात सांगण्यासारखं फार नाही, एका दुपारचं काम होतं आणि ते पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

मुदतींची डायरी मात्र पूर्ण बदलली. आता तीन तारखा लिहितो: शेवटचा दिवस, त्याच्या पंधरा दिवस आधीचा आणि काम सुरू करण्याचा. नोंद दोघींच्या वहीत होते आणि दर सोमवारी सकाळी आम्ही दोघी मोठ्याने वाचतो. तारीख पुढे ढकलायची असेल तर कारण लिहावं लागतं. हा नियम माझ्यासाठीच आहे. 'बघू' हे कारण लिहिता येत नाही.

तक्त्यात 'कुणाकडून आले' असा रकाना घातला होता. नवं काम कुठून येतं याबद्दल माझी कल्पना होती की निकाल लागला की नाव होतं. भारतात बार कौन्सिलचे नियम वकिलाला जाहिरात करू देत नाहीत. अमेरिकेत १९७७ च्या बेट्स निकालाने ती वाट खुली केली, पण तिथेही ओळखीतून येणाऱ्या कामाची जागा जाहिरातीने भरून निघत नाही असं तिथले वकीलच लिहितात. वर्षभराने रकाना वाचला तर जवळजवळ निम्मं काम दुसऱ्या वकिलांकडून आलं होतं. त्यातले चार जण माझ्या विरुद्ध उभे राहिलेले. एकाला मी त्याच्या आजारपणात तारीख मिळायला हरकत घेतली नव्हती, एवढंच मला आठवत होतं. त्याला ते लख्ख आठवत होतं. तेव्हापासून ज्युनियरला मी एवढंच सांगते की विरुद्ध बाजूच्या वकिलाला कागदाची प्रत वेळेवर आणि वाचता येईल अशी दे.

तिचा पगारही मी याच काळात ठरवला. लेखी, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. सहा वर्षं मला जे मिळालं नव्हतं ते देताना पहिल्यांदा कुरकुर वाटली, खोटं कशाला बोलू. पण फीच्या पत्राबद्दल पक्षकारासमोर एक बोलायचं आणि आपल्याच चेंबरमध्ये 'बघू हो' म्हणायचं, हे मला जमेना. आता पक्षकाराशी फीचं बोलणं सुरू असतं तेव्हा ती समोर बसलेली असते. तिने ऐकावं म्हणूनच.

काकांना मी सगळ्यात शेवटी बोलावलं. कपाटाची गोष्ट सांगितली, अकरा दिवसांचीही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मागितले असते तर मी दिले असते. तुम्हाला नको असतील असं समजलो." अपिलाच्या फीचं पत्र त्यांनी सही करून घडी घालून खिशात ठेवलं. थकलेल्या चौदा महिन्यांबद्दल मी काही मागितलं नाही, कारण तिथे काहीच ठरलं नव्हतं.

अपील गेल्या महिन्यात आमच्या बाजूने लागलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काका सकाळीच आले, खिशातून तेच पत्र काढलं, घडीवर फाटायला आलेलं, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "यात अंमलबजावणी नाही असं लिहिलंय. मग तिचं नवं पत्र करायचं ना?"

ज्युनियरने कोरा कागद पुढे सरकवला आणि मी तारीख घातली.